सोलरचा ॲडमिन यूआय ऐच्छिक ठेवा, पण वाऱ्यावर सोडू नका

प्रति,
व्यवस्थापन समिती,
अपाची सोलर प्रकल्प,
अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन



सोलर हे सर्च इंजिन संगणकावर उतरवून सुरू केले आणि ब्राउझरमध्ये ८९८३ हा पोर्ट उघडला, की डावीकडे मेनू असलेली एक साधी स्क्रीन समोर येते. तिच्यासाठी वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही, कुठे नाव नोंदवावे लागत नाही. सर्व्हर चालू झाला की तीही चालू. हाच सोलरचा ॲडमिन यूआय. तो जुना झाला आहे, हे आपण जाणताच. त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुढे काही वर्षे आहे: जुनाच डागडुजी करत चालवायचा, नवा बांधायचा, की सर्व्हरपासून तोडून ‘ज्याला हवा त्याने घ्यावा’ म्हणायचे? हे पत्र त्याविषयी आहे. ते मराठीत लिहिण्यालाही कारण आहे, आणि ते पुढे येईल.

सामान्य वाचकाला सोलर नावाने ठाऊक नसते, पण त्याने ते नकळत वापरलेले असते. यॉनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट या अमेरिकी कंपनीत ते लिहायला घेतले आणि २००६ मध्ये कंपनीने ते अपाची फाउंडेशनला देऊन टाकले. आज अनेक विद्यापीठांचे प्रबंधसंग्रह ज्या डीस्पेस प्रणालीवर चालतात, तिचा शोध सोलरवर उभा आहे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह डीस्पेसवरच आहे, आणि त्यात मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत. डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीपासून तर सोलर स्वतंत्रपणे बसवावे लागते. म्हणजे एखाद्या महाविद्यालयाने आपला संग्रह उभा करायचा ठरवले, तर तिथल्या ग्रंथपालाच्या किंवा संगणक विभागातल्या एकुलत्या एका माणसाच्या वाट्याला सोलर येतेच. आपल्या प्रकल्पाचे असे हजारो वापरकर्ते कधी कोड पाठवत नाहीत, मतदानात दिसत नाहीत. त्यांची आणि सोलरची गाठ पडते ती या एका स्क्रीनवर.

या स्क्रीनचा इतिहास आपल्याला सांगायची गरज नाही, पण वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती जेएसपी पानांची होती. २०१२ मध्ये ४.० आवृत्तीबरोबर ती जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली गेली. पुढे तिचे अँग्युलरजेएसमध्ये पुनर्लेखन झाले आणि २०१६ च्या ६.० पासून तेच रूप मूळ म्हणून दिसू लागले. तेव्हा ती निवड शहाणपणाचीच होती, कारण अँग्युलरजेएसमागे गूगल होते आणि जगभरचे प्रोग्रामर ते शिकत होते. पण २०२१ संपता संपता गूगलने अँग्युलरजेएसचा आधार काढून घेतला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सोलरची ८.१० आवृत्ती आली आणि तिच्यात ‘स्कीमा डिझायनर’ ही चांगली, कष्टाने घडवलेली नवी स्क्रीन होती. जो पाया काही महिन्यांत निराधार होणार होता, त्यावर एक नवा मजला चढला. यात कुणा एकाचा दोष नाही. सर्व्हर लिहिणारे जावाचे जाणकार वेगळे आणि ब्राउझरचे जाणकार वेगळे, नि दुसऱ्या गटातले फार थोडे जण या प्रकल्पात टिकतात. ज्याने स्क्रीन लिहिली तो दुसऱ्या नोकरीत गेला की तिच्यातली प्रत्येक ओळ परकी होते.

अशा वेळी ‘यूआय काढूनच टाकू’ हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

२०१९ हे वर्ष सोलरसाठी कठीण गेले. डेटाबेसमधून मजकूर आणणाऱ्या डेटा इम्पोर्ट हँडलरमध्ये एक सोय होती: त्याची सगळी मांडणी थेट विनंतीतूनच पाठवता येई. ही सोय मुख्यतः कुणासाठी? ॲडमिन स्क्रीनवरच्या डीबग मोडसाठी, म्हणजे मांडणी लिहिणाऱ्याला ती फाइलमध्ये न साठवता तपासता यावी म्हणून. पण त्या मांडणीत स्क्रिप्ट लिहिता येत असे. त्यामुळे पोर्ट उघडा असेल तर बाहेरचा कुणीही सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. ८.२ पासून ही वाट बंद ठेवण्यात आली आणि जाणीवपूर्वक चालू केल्याशिवाय उघडेनाशी झाली. त्याच वर्षी व्हेलॉसिटी टेम्प्लेटमधून तसाच दुसरा धोका पुढे आला. ५.० पासून ८.३.१ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. व्हेलॉसिटी होते शोधनिकालांचे नमुना पान दाखवण्यासाठी, तेही एक प्रकारचे ऐच्छिक यूआयच. ९.० मध्ये डेटा इम्पोर्ट हँडलर आणि व्हेलॉसिटी, दोन्ही मुख्य वितरणातून बाहेर गेले. ते योग्यच झाले.

पण या घटनांतून निघणारा धडा नीट वाचला पाहिजे. दोन्ही वेळी दार उघडे राहिले ते सर्व्हरच्या बाजूला. स्क्रीनच्या सोयीसाठी सर्व्हरला खास अधिकार दिले गेले, आणि ते अधिकार स्क्रीनपुरते मर्यादित राहिले नाहीत. स्क्रीन काढली असती तरी तो पत्ता तसाच उघडा राहिला असता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या साधनातल्या त्रुटीने जगभर धावपळ उडाली, तेव्हा सोलरवरचा हल्ला दाखवणारे नमुने कोअर्सची माहिती देणाऱ्या एपीआयच्या पत्त्यावर चालत होते. त्यांना एकही बटण दाबावे लागत नव्हते. म्हणून यूआयला सर्व्हरमध्ये स्वतःची खासगी वाट मिळता कामा नये. इतरांना जे एपीआय खुले आहेत, त्यांच्यावरच त्याने भागवावे आणि त्याच परवानगीने. हा नियम एकदा कडक पाळला, की यूआय असणे आणि नसणे यांतला सुरक्षिततेचा फरक फार थोडा उरतो.

ज्यांना तो नकोच आहे, त्यांच्यासाठी बंद करण्याची सोय आज आहेच. जावाचा एक गुणधर्म दिला की ॲडमिन यूआय दिसत नाही. ९.० पासून सोलर मूळ मांडणीत फक्त त्याच संगणकापुरते ऐकते, बाहेरच्या जाळ्यावर नाही. हे दोन्ही निर्णय उत्तम आहेत. शेजारच्या प्रकल्पांतही अशी उदाहरणे सापडतात. मीलीसर्चमध्ये छोटा डॅशबोर्ड सर्व्हरबरोबरच येतो आणि उत्पादन मोडमध्ये तो बंद असतो. सर्च इंजिन नसलेल्या रॅबिटएमक्यूने व्यवस्थापनाची स्क्रीन प्लगइन म्हणून सोबत देऊन मूळ स्थितीत बंद ठेवली आहे. एका आज्ञेने ती सुरू होते. यूआय ऐच्छिक असणे म्हणजे एवढेच: सोबत असावा, त्याच आवृत्तीचा असावा, त्याच चाचण्यांतून गेलेला असावा आणि एका खटक्याने बंद व्हावा.

‘वेगळ्या ठिकाणी ठेवला आहे, हवा तर घ्या’ ही पूर्णपणे निराळी गोष्ट आहे. इलॅस्टिकसर्च या दुसऱ्या सर्च इंजिनाची कहाणी याला साक्षी आहे. २०१० मध्ये ते आले तेव्हा त्याच्याबरोबर स्वतःची स्क्रीन नव्हती. ती उणीव बाहेरच्या लोकांनी भरून काढली. हेड, कॉप्फ, बिगडेस्क अशी साइट प्लगइन निघाली आणि अनेकांनी त्यांच्यावरच कामे केली. २०१६ च्या ५.० आवृत्तीत साइट प्लगइनची सोयच बंद झाली. त्यांपैकी काहींनी दुसरी वाट शोधली, काही मागे पडली. मुख्य मार्ग उरला किबाना. ते समर्थ साधन आहे, पण नोड.जेएसवर चालणारा तो एक वेगळा सर्व्हर आहे, वेगळा पोर्ट, वेगळे अपडेट. मग जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्यामागच्या कंपनीने इलॅस्टिकसर्च आणि किबाना या दोघांचेही परवाने बदलले. ॲमेझॉनने जुन्या मुक्त परवान्याच्या शेवटच्या आवृत्तीपासून ओपनसर्च उभारले, तेव्हा इंजिनाबरोबर स्क्रीनचीही फांदी वेगळी काढावी लागली आणि ओपनसर्च डॅशबोर्ड्स जन्माला आले. स्क्रीन हे स्वतंत्र उत्पादन झाले की तिचे मालक, तिचा परवाना, तिचे वेळापत्रक सगळेच स्वतंत्र होते. सोलरच्या छोट्याशा, रूक्ष दिसणाऱ्या यूआयची किंमत अशा वेळी कळते.

याउलट चालीचे एक उदाहरण आपल्याच घरात आहे. सोलर ज्या लुसीन या शोधाच्या लायब्ररीवर उभे आहे, तिच्या इंडेक्समध्ये डोकावून पाहणारे ‘ल्यूक’ हे साधन आंद्झेय ब्यावेत्स्की यांनी लिहिले आणि ते बरीच वर्षे प्रकल्पाबाहेर राहिले. त्याची स्क्रीन ज्या थिनलेटवर उभी होती, त्याचा परवाना अपाचीला चालणारा नव्हता. शिवाय लुसीनची नवी आवृत्ती आली की ल्यूक मागे राही, मग कुणीतरी ते ओढून पुढे आणी. ल्यूकला लुसीनमध्ये घ्या, ही मागणी २०१० मध्ये नोंदली गेली. ती पूर्ण झाली २०१९ मध्ये, ८.१ आवृत्तीत. तोमोको उचिदा यांनी ते आधी जावाएफएक्सवर आणि मग स्विंगवर नव्याने बांधले. स्विंग कुणाला जुनाट वाटेल, पण जावाबरोबर ते येतेच, वेगळे काही बांधावे लागत नाही. ल्यूक आज लुसीनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तयार होते, म्हणून ते मागे पडत नाही. देखभालीचा प्रश्न सुटला तो जवळ आणल्याने.

आता मराठीकडे.

ॲडमिन यूआयमधली सर्वात मोलाची स्क्रीन कोणती, असे विचारले तर बहुतेक जण क्वेरी स्क्रीनचे नाव घेतील. ती चांगली आहेच. रकाने भरा, बटण दाबा, आणि निकालाच्या वर तयार झालेला पूर्ण पत्ता वाचा. किती तरी लोक सोलरची भाषा त्या एका ओळीवरून शिकले असतील. पण इंग्रजीपलीकडच्या भाषांसाठी खरी मोलाची आहे ती ॲनालिसिस स्क्रीन. डाव्या चौकटीत साठवायचा मजकूर लिहा, उजव्या चौकटीत शोधायचा शब्द लिहा, आणि गाळणीच्या प्रत्येक टप्प्यावर शब्दाचे काय झाले ते एकाखाली एक पाहा. जुळलेला शब्द रंगाने उठून दिसतो.

सोलरच्या मूळ मांडणीत हिंदीसाठी तयार क्षेत्रप्रकार आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे मराठी मजकूर असलेली संस्था बहुधा हिंदीचाच प्रकार लावते, देवनागरी ती देवनागरी असे समजून. त्या प्रकारातल्या स्टेमरची, म्हणजे शब्दाचे प्रत्यय कापणाऱ्या भागाची, मूळ रीत अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी २००३ मध्ये मांडली. ते मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होते. हिंदीसाठी ती रीत हलकी आणि उपयोगी आहे. मराठीवर मात्र ती कशी चालते ते ॲनालिसिस स्क्रीनवरच दिसते. ‘गावी’ लिहा, शेवटी ‘गाव’ उरते, छान. ‘गावात’ लिहा, ते ‘गावात’च राहते. ‘गावाला’चे ‘गावाल’ होते. ‘गावाच्या’मधला हलन्त आधीच्या टप्प्यावर गळतो आणि मग शेवटचा काना कापला जाऊन ‘गावाचय’ उरते. म्हणजे ‘गाव’ शोधणाऱ्याला ‘गावी’ सापडेल; ‘गावात’, ‘गावाला’ आणि ‘गावाच्या’ सापडणार नाहीत. सामान्यरूप आणि विभक्ती यांच्या जोरावर चालणाऱ्या भाषेत ही फार मोठी गळती आहे.

त्याहून बोचरे उदाहरण आहे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचे. पहिला म्हणजे डोंगरातल्या दरीचे अनेकवचन, दुसरा म्हणजे समुद्र. मराठी वाचकाचा डोळा त्यांत कधी गल्लत करत नाही. हिंदीच्या गाळणीत ‘ऱ’चा ‘र’ होतो, हलन्त जातो, काना जातो, आणि दोन्ही शब्द ‘दरय’ होऊन एकमेकांत मिसळतात. सह्याद्रीतल्या दऱ्यांची माहिती मागणाऱ्यापुढे कोळ्यांचा दर्या येऊन उभा राहतो. हे का झाले, हे लॉगमध्ये दिसत नाही. कुठलाही एरर येत नाही. सर्व्हर सांगितलेले काम बिनचूक करतो आणि उत्तर चुकते. अशी चूक पकडायला मराठी जाणणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा प्रोग्रामर नसतो. ग्रंथपाल असतो, कोशकार असतो, संपादक असतो. त्याला कमांड लाइनवर जेसॉनची भेंडोळी वाचायला लावणे म्हणजे त्याला बाहेरच ठेवणे. ॲनालिसिस स्क्रीनमुळे तो आत येतो.

म्हणूनच नव्या यूआयबद्दल काळजी वाटते. मुख्य शाखेत कॉटलिन आणि कंपोज मल्टिप्लॅटफॉर्म वापरून नवे काम जुन्या यूआयच्या शेजारी, प्रायोगिक म्हणून, सुरू आहे. ज्यांनी ते हाती घेतले त्यांचे मनापासून कौतुक करायला हवे. सर्व्हर जावाचा असताना कॉटलिन निवडल्यामुळे सर्व्हरच्या बाजूच्या लोकांनाही हा कोड परका वाटणार नाही, आणि देखभाल करणारे कमी असणे हेच आपले जुने दुखणे आहे. निवड समजण्यासारखी आहे. पण कंपोजची ब्राउझरमधली रीत वेगळी आहे. ती अक्षरे ब्राउझरकडून रेखाटून घेत नाही, एका कॅनव्हासवर स्वतः रंगवते. संगणकावर बसवलेले फॉन्ट तिला आपोआप मिळत नाहीत. ज्या लिपीचा फॉन्ट सोबत दिलेला नाही, तिथे रिकामे चौकोन उमटण्याचा धोका असतो. साध्या एचटीएमएल पानावर देवनागरीची चिंता कुणी करत नाही, कारण ब्राउझर ती आपण होऊन निभावतो. कॅनव्हासवर ती जबाबदारी प्रकल्पाच्या अंगावर येते. ज्या स्क्रीनवर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक डोळ्यांनी तपासायचा, तिथेच चौकोन दिसले तर मराठी माणसाच्या दृष्टीने ती स्क्रीन नसल्यासारखीच. बंगाली, तमिळ, जपानी, अरबी वापरणाऱ्यांचेही तेच. मजकूर निवडून कॉपी करणे, ब्राउझरमध्येच शब्द शोधणे, स्क्रीन रीडरने वाचून घेणे, याही गोष्टी कॅनव्हासवर मुद्दाम बांधाव्या लागतात.

यावर उपाय अवघड नाहीत. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, इतर लिप्यांचे नोटो फॉन्टही आहेत. गरज पडेल तेव्हा ते उतरवून घेता येतात. त्याआधी मात्र हे काम कुणाच्या तरी यादीत असले पाहिजे. आज नव्या स्क्रीनची चाचणी इंग्रजी नमुना दस्तऐवजांवरच झाली, तर ही उणीव आवृत्ती बाहेर पडल्यावर, तीही कुणी तक्रार केली तरच, कळेल.

समितीने ठरवायची मुख्य गोष्ट, या पत्राच्या मते, मालकीची आहे. कुठली तंत्रचौकट वापरायची हा वाद लवकर रंगतो, कारण त्यात प्रत्येकाला मत असते. यूआयचे पालकत्व कुणाकडे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. सर्व्हरमध्ये नवे एपीआय येते तेव्हा त्याची स्क्रीन होणार की नाही, हे त्याच वेळी लिहून ठेवले जावे. नाही म्हटले तरी चालेल, पण लिहिलेले असावे. स्क्रीन उघडते का, क्वेरी चालते का, ॲनालिसिस दाखवते का, एवढ्या थोड्या चाचण्या प्रत्येक बांधणीबरोबर आपोआप चालाव्यात. सगळ्याच स्क्रीन नव्याने बांधायचीही गरज नाही. थ्रेड डंप, जावाचे गुणधर्म अशी माहिती देणारी इतर साधने भरपूर आहेत. क्वेरी, स्कीमा आणि ॲनालिसिस यांना मात्र सोलरबाहेर पर्याय नाही. कमी स्क्रीन आणि नीट सांभाळलेल्या, हा सौदा वापरकर्ते आनंदाने स्वीकारतील.

आता थोडे या पत्राच्या मराठी वाचकांसाठी. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक इथे, आणि परदेशांतही, सोलरवर काम करणारे मराठी अभियंते आहेत. अपाचीचा प्रकल्प स्वयंसेवकांवर चालतो, आणि तिथे पगारी मदतकक्ष नाही. आपल्या कंपनीचा शोध या इंजिनावर चालत असेल तर कामाच्या वेळातला थोडा भाग त्याच्या देखभालीला मागून घ्या. नवा यूआय उतरवून त्यात मराठी शब्द टाका. ऱ, ळ, ॲ, जोडाक्षरे, लांब सामान्यरूपे सगळे टाका, आणि काय बिघडले त्याची नोंद स्क्रीनशॉटसह प्रकल्पाच्या यादीत करा. कोड लिहिता येत नसेल तरी चालेल. नेमकी नोंद हेही योगदान आहे. ज्यांना कोड लिहिता येतो, त्यांच्यासाठी लुसीनमध्ये मराठीच्या स्टेमरची जागा अजून मोकळी आहे. हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी तिथे पोहोचल्या आहेत.

आणि समितीला विनंती एवढीच: नवा यूआय मूळ म्हणून लावण्याआधी त्याची ॲनालिसिस स्क्रीन देवनागरीसह किमान चार-पाच लिप्यांत चालवून पाहावी, आणि ती नीट चालेपर्यंत जुनी काढू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सोलर वापरणारा एक मराठी तंत्रज्ञ